जोखीम कोणाची मोजायची?

प्रवासाला निघणाऱ्या माणसाला घरातील वडीलधारी मंडळी 'अंगावर जोखीम आहे, जपून जा' असे बजावीत असत. मराठीने या एका शब्दात दोन अर्थ साठविले आहेत : मोलाची वस्तू आणि ती गमावण्याचे भय. इंग्रजीत हिशेब लिहिणाऱ्या सरकारी खात्यांच्या हाती हा शब्द गेला की त्यातले मोल गळून पडते आणि भय तेवढे शिल्लक राहते. ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने तेथील आदिवासींचे दवाखाने चालविणाऱ्या संस्थांच्या बाबतीत जी पद्धत गेल्या दीड-दोन दशकांत रुळविली, तिचा विचार करताना हा दुहेरी अर्थ उपयोगी पडतो. अनुदान देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर प्रत्येक संस्थेची 'जोखीम' मोजावयाची, तिला कमी, मध्यम, अधिक अशी श्रेणी लावावयाची आणि त्या श्रेणीवर हप्ते, अहवाल व अटी ठरवावयाच्या, असा हा प्रकार आहे. यात जपावयाची वस्तू कोणती, सरकारचा डॉलर की वाळवंटातल्या वस्तीवरचा रोगी, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

या संस्था काय आहेत, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. १९६७ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी कौल दिल्यावर आदिवासींसाठी कायदे करण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. परंतु केंद्राची वाट न पाहता १९७१ साली सिडनीच्या रेडफर्न वस्तीतील आदिवासींनीच एका दुकानवजा जागेत दवाखाना उघडला. गोऱ्या डॉक्टरांच्या दारात मिळणाऱ्या वागणुकीला कंटाळलेल्या माणसांचा तो दवाखाना होता. नेत्रशल्यविशारद फ्रेड हॉलोज यांच्यासारखे काही डॉक्टर तेथे विनावेतन काम करीत. त्याची व्यवस्था मात्र आदिवासींच्या हाती होती, आणि नेओमी मेयर्स या आदिवासी स्त्रीने चार दशकांहून अधिक काळ त्याची धुरा वाहिली. १९७३ साली ॲलिस स्प्रिंग्ज येथे मध्य ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींची काँग्रेस स्थापन झाली, आणि पुढे तिनेही आपली आरोग्यसेवा उभी केली. आज अशा सुमारे दीडशे संस्था देशभर शेकडो दवाखाने चालवितात. त्यांचे नियामक मंडळ स्थानिक आदिवासी समाजातून निवडले जाते, पैसा मुख्यतः केंद्राकडून आणि काही प्रमाणात राज्यांकडून येतो.

त्यांची गरज किती आहे हे एका आकड्यावरून समजेल. २०२० ते २०२२ या काळासाठी केलेल्या गणनेनुसार आदिवासी पुरुषाचे सरासरी आयुर्मान ७१.९ वर्षे आणि स्त्रीचे ७५.६ वर्षे होते. इतर ऑस्ट्रेलियनांपेक्षा ते पुरुषांच्या बाबतीत ८.८ वर्षांनी आणि स्त्रियांच्या बाबतीत ८.१ वर्षांनी कमी आहे. जगातील अतिश्रीमंत राष्ट्रांत गणल्या जाणाऱ्या देशातली ही तफावत आहे.

आता सरकारची बाजू. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागू नये असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही, आणि गरिबांच्या नावाने आलेला पैसा अपहारात गेला तर त्याचा भुर्दंड गरिबांनाच बसतो. आदिवासींच्या काही संस्था खरोखरच डबघाईला आल्या. आदिवासींचे निर्वाचित प्रतिनिधी ज्यात होते तो राष्ट्रीय आयोग १९९० साली काम करू लागला आणि कारभाराविषयीच्या वादांच्या धुरळ्यात २००५ साली मोडीत निघाला. आरोग्याचा पैसा तर त्याच्याकडून १९९५ सालीच काढून घेऊन आरोग्य खात्याकडे सोपविण्यात आला होता. २००६ साली आदिवासी संस्थांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यानुसार निबंधकाला एखाद्या संस्थेवर विशेष प्रशासक नेमता येतो. सहकारी संस्थांवर प्रशासक आल्याच्या बातम्या नित्य वाचणाऱ्या आपल्या वाचकांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही. तेव्हा संस्थेचे मंडळ भरते काय, हिशेब तपासले जातात काय, रोख शिल्लक किती, व्यवस्थापक टिकतो काय, हे प्रश्न विचारणे रास्तच आहे.

तक्रार प्रश्नांविषयी नाही, उत्तरांवरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाविषयी आहे. २००९ साली ज्युडिथ ड्वायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या संस्थांच्या अनुदानव्यवस्थेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचे शीर्षकच 'अतिभार' अशा अर्थाचे होते. एकेका दवाखान्याला डझनावारी निरनिराळी अनुदाने मिळतात, हे त्यांनी दाखवून दिले. मातासंगोपनाचे एक, मधुमेहाचे दुसरे, व्यसनमुक्तीचे तिसरे, कानाच्या रोगांचे चौथे. प्रत्येकाचा करार वेगळा, मुदत वेगळी, अहवालाचा नमुना वेगळा. पुष्कळ करार अल्प मुदतीचे. दवाखान्यात येणारी आजी मात्र एकच असते. तिला मधुमेह आहे, तिच्या नातवाचा कान वाहतो आहे आणि मुलगा दारूच्या नादी लागला आहे. दवाखाना तिघांकडे एकत्र पाहतो आणि कारकून संध्याकाळी त्या एका भेटीचे तीन तुकडे करून तीन तक्त्यांत भरतो.

यातून जे चक्र सुरू होते ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने नीट न्याहाळावे असे आहे. करार वर्षाचा असेल तर परिचारिकेला नेमणूकही वर्षाचीच मिळणार. वर्षाच्या नोकरीसाठी शेकडो मैलांवरच्या वस्तीवर कोण टिकणार? ती गेली की तिची जागा रिकामी, जागा रिकामी म्हणून त्या शीर्षकाखालचा पैसा अखर्चित, आणि पैसा अखर्चित म्हणून संस्था 'अकार्यक्षम'. हिशेबनीसही याच रीतीने सोडून गेला की अहवालाला उशीर होतो. उशीर म्हणजे जोखीम अधिक. जोखीम अधिक म्हणून हप्ते लहान आणि अहवाल जास्त. लहान हप्त्यांवर दीर्घ मुदतीची नेमणूक करता येत नाही. म्हणजे मोजणाऱ्याने जी मोजली त्या जोखमीचा बराचसा भाग मोजणाऱ्यानेच निर्माण केलेला असतो. आपला मार्चअखेर, त्यांचा जूनअखेर. त्यांचे आर्थिक वर्ष ३० जूनला संपते एवढाच काय तो फरक. शेवटच्या पंधरवड्यात आलेले अनुदान त्याच पंधरवड्यात खर्ची टाकून उपयोगिता प्रमाणपत्र लिहिण्याची कसरत आपल्या शाळा-महाविद्यालयांतील कोणाही अनुभवी कारकुनाला शिकवावी लागणार नाही.

त्या अभ्यासकांनी कराराच्या दोन प्रकारांत भेद केला आहे. एक प्रकार वीट किंवा खडी विकत घेण्याचा : इतका माल, इतका दर, इतक्या तारखेला. दुसरा प्रकार दीर्घकालीन संबंधाचा : दोन पक्ष एकमेकांना ओळखतात, काय घडेल ते आधी सांगता येत नाही हे दोघांनाही मान्य असते आणि अडचण आल्यास दोघे बसून मार्ग काढतात. आरोग्यसेवा उघडच दुसऱ्या प्रकारात मोडते. परंतु सरकारी खात्यांना पहिला प्रकार सोयीचा पडतो, कारण त्यात जबाबदारी एकाच बाजूला लिहिता येते.

या सोयीचे मूळ अधिकाऱ्याच्या दुष्टाव्यात शोधू नये. ते त्याच्या स्थितीत आहे. त्याच्या हातून दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. वाईट संस्थेला चांगली समजून पैसा द्यावा, ही पहिली. चांगल्या संस्थेला वाईट समजून तिचा गळा आवळावा, ही दुसरी. पहिली चूक झाली तर वर्तमानपत्रे ओरडतात, संसदेत प्रश्न येतो, बढती अडते. दुसरी चूक कोणाला दिसतच नाही. जो दवाखाना उघडला नाही, ज्या बाईची तपासणी झाली नाही, त्यांची बातमी होत नाही. अशा स्थितीत अधिकाऱ्याने सगळे वजन पहिल्या चुकीच्या पारड्यात टाकले तर नवल नाही. मीही त्या खुर्चीत बसलो असतो तर निराळे वागलो असतो असे छातीठोकपणे सांगवत नाही.

पण मग एक गोष्ट विसंगत दिसते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर प्रदेशात, म्हणजे ज्याला तेथे नॉर्दर्न टेरिटरी म्हणतात त्या विस्तीर्ण भागात, दूरच्या वस्त्यांवरचे काही दवाखाने आदिवासी संस्था चालवितात आणि काही तेथील सरकारचे आरोग्य खाते स्वतः चालविते. या सरकारी दवाखान्यांपैकी ५३ दवाखान्यांचा २०१३ ते २०१५ या काळाचा अभ्यास झाला. परिचारिका आणि आदिवासी आरोग्यसेवक यांच्या बदलाचे वार्षिक प्रमाण त्यात सरासरी १४८ टक्के निघाले. म्हणजे एका जागेवर वर्षाला एकाहून अधिक माणसे येऊन निघून गेली. एखाद्या अनुदानित संस्थेचा असा आकडा निघता तर तिला कोणती श्रेणी मिळाली असती हे सांगावयास नको. खाते मात्र स्वतः अनुदानार्थी नसल्यामुळे त्या फूटपट्टीखाली येत नाही. तपासणाऱ्याचीही तपासणी कधी तरी होते, नाही असे नाही. २०१८ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने केंद्रीय खात्याच्या आदिवासी प्राथमिक आरोग्याच्या अनुदानयोजनेची छाननी केली आणि तिची आखणी व अंमलबजावणी अंशतःच परिणामकारक असल्याचा निर्वाळा दिला. गरजेच्या प्रमाणात पैसा वाटण्याचे जे सूत्र लागू व्हावयाचे होते ते तोवर लागू झालेले नव्हते. खात्याचे हप्ते यावरून कोणी लहान केले नाहीत.

हिशेबाच्या दिनदर्शिकेशी रोगाची दिनदर्शिका जुळत नाही, ही आणखी एक अडचण. संधिवाताच्या तापातून उद्भवणारा हृदयाच्या झडपांचा विकार सुखवस्तू ऑस्ट्रेलियातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. दाटीवाटीने राहणाऱ्या आदिवासी वस्त्यांत तो अजून मुलांना धरतो. त्यावर उपाय स्वस्त आणि जुना आहे : पेनिसिलिनचे एक दुखरे इंजेक्शन दर २८ दिवसांनी, वर्षानुवर्षे. अठ्ठाविसावा दिवस चुकला की संरक्षण घटते. या कामात कोणती जोखीम मोठी? तिमाही अहवाल आठ दिवस उशिरा जाण्याची, की शाळेच्या दारात त्या मुलीला गाठून, समजावून, तिच्या आजीशी तिच्या बोलीत बोलून इंजेक्शन देणारी ओळखीची बाई नोकरी सोडून जाण्याची? क्वीन्सलंडमधील डूमाजी या आदिवासी गावातील तीन स्त्रिया २०१९ आणि २०२० या वर्षांत याच विकाराने दगावल्या. त्यांच्या मृत्यूंची न्यायालयीन चौकशी झाली आणि २०२३ साली निष्कर्ष बाहेर आले. राज्य सरकारच्या रुग्णालयातील शुश्रूषेत उणिवा होत्या, आणि रुग्णालय व आदिवासी आरोग्यसंस्था यांच्यात रोग्यांच्या माहितीची देवघेव नीट होत नव्हती, असे त्यात दिसून आले. धोका दोन संस्थांच्या मधल्या फटीत होता. संस्था एकेक सुटी घेऊन तिचे गुण मांडणाऱ्या पद्धतीला अशी फट दिसणार कशी?

नातलगांचा प्रश्न याहून नाजूक आहे. कारभार तपासणारा प्रत्येक तक्ता हितसंबंधांविषयी विचारतो : मंडळाच्या सदस्याचे कोणी नातेवाईक नोकरीत आहेत काय? मेलबर्नमध्ये हा प्रश्न बिनचूक आहे. तीन-चारशे लोकांच्या वाळवंटी वस्तीवर तो विचारून पाहा. तेथे प्रत्येक जण दुसऱ्याचा कोणी ना कोणी लागतो. ज्याचा हितसंबंध असेल त्याने चर्चेच्या वेळी बाहेर जावे हा नियम अक्षरशः पाळला तर सभागृहात खुर्च्या तेवढ्या उरतील. त्याचबरोबर, नात्याच्या याच जाळ्यामुळे दवाखान्यात लोक येतात. त्या समाजात कोणी कोणाशी बोलावे, कोणी कोणाला टाळावे याचे कडक दंडक आहेत. सासू आणि जावई यांनी एकमेकांसमोर येऊ नये हा त्यांतला एक. पुरुषांच्या आणि बायकांच्या गोष्टी निरनिराळ्या मानल्या जातात, म्हणून काही दवाखान्यांत पुरुष व स्त्रिया यांच्यासाठी स्वतंत्र विभाग असतात. हे दंडक ठाऊक असलेली माणसे मंडळावर आणि नोकरीत असणे हीच या संस्थांची खरी ठेव. वशिलेबाजी तेथे होत नाही असे मुळीच नाही. नात्यांच्या राज्यात ती फोफावते, हे आपल्या गावकीत वाढलेल्या माणसाला कोणी सांगावे? परंतु तक्त्यात नाते हे केवळ उणे म्हणून मांडले गेले की ठेव आणि खोट एकाच रकान्यात जातात.

१९९० च्या दशकात किंटोर या ॲलिस स्प्रिंग्जपासून पाचशेहून अधिक किलोमीटरवरच्या वस्तीतील मूत्रपिंड निकामी झालेल्या रोग्यांना डायलिसिससाठी शहरात कायमचे येऊन राहावे लागे. आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून घ्यावयाचे, म्हणजे परत जाण्याचा प्रश्नच नाही. म्हातारी माणसे आपली भूमी, नातवंडे आणि कर्तव्ये यांच्यापासून तुटून परक्या गावात मरत. वाळवंटात डायलिसिस चालविणे व्यवहार्य नाही, सुरक्षित नाही, अशीच त्या काळच्या अधिकाऱ्यांची भूमिका होती. तेव्हा किंटोर आणि किविरकुर्रा येथील चित्रकारांनी मोठाली चित्रे रंगविली आणि २००० साली सिडनीच्या कलादालनात त्यांचा लिलाव झाला. दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली. तिच्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेने २००४ साली किंटोरमध्ये डायलिसिस सुरू केले. पुढे 'पर्पल हाऊस' या नावाने ओळखल्या गेलेल्या या संस्थेने वाळवंटातील अनेक वस्त्यांवर तशीच केंद्रे काढली. यंत्रे बसविलेला ट्रक फिरता केला. आणि नोव्हेंबर २०१८ पासून दूरच्या वस्त्यांवरील डायलिसिसचा खर्च राष्ट्रीय आरोग्यविम्याच्या यादीत स्वतंत्र बाब म्हणून सरकारने मान्य केला. पहिल्या दिवशी कोणत्याही तक्त्याने या संस्थेला उत्तम श्रेणी दिली नसती. मालमत्ता म्हणून तिच्याकडे होते काय? काही रंगविलेले कॅनव्हास आणि घरी परतण्याची इच्छा.

आपल्याकडे हा विषय परका मानू नये. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात आदिवासींची संख्या दहा कोटींहून अधिक आहे, महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१८ साली आदिवासी आरोग्यावर सविस्तर अहवाल सादर केला. आपल्या आदिवासी भागांत मुख्य भार सरकारी आरोग्य केंद्रांवर आहे. स्वयंसेवी संस्था आहेत, त्यांतल्या काही नामवंतही आहेत. परंतु स्वतः आदिवासींनी निवडलेल्या मंडळाने डॉक्टर नेमावा आणि सरकारने त्या मंडळाला पैसा द्यावा, ही रेडफर्नची कल्पना आपल्याकडे रुजलेली नाही. म्हणून त्यांचे दुखणे अजून आपले झालेले नाही. ते आपले व्हावे अशी इच्छा बाळगणेही वावगे ठरू नये.

ऑस्ट्रेलियात काही बदल झाले आहेत. जुलै २०२० मध्ये केंद्र व राज्य सरकारांनी आदिवासी संस्थांच्या महासंघाबरोबर राष्ट्रीय करार केला आणि समाजाच्या नियंत्रणाखालील संस्था बळकट करणे हे त्यात एक प्रमुख सूत्र म्हणून स्वीकारले. अनुदानाच्या मुदती अलीकडे वाढू लागल्या आहेत. ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात आदिवासींना संसदेपुढे सल्लागार मंडळ देण्याचा प्रस्ताव मात्र सुमारे साठ टक्के मतदारांनी फेटाळला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील उत्पादकता आयोगाने २०२० च्या कराराचा आढावा घेतला आणि सरकारांनी आपल्या कामाची रीत फारशी बदललेली नाही असा स्पष्ट अभिप्राय दिला.

रीत बदलावयाची तर तक्त्यापासून आरंभ करता येईल. संस्थेच्या रकान्यासमोर एक रकाना खात्यासाठी ठेवावा आणि तो संस्थेच्या मंडळाने भरावा. हप्ता ठरल्या तारखेला पोहोचला काय? वर्षभरात खात्याचे संपर्क अधिकारी किती वेळा बदलले? एकाच रोग्याची माहिती किती निरनिराळ्या नमुन्यांत मागितली? मागच्या वर्षी पाठविलेले अहवाल कोणी वाचले, आणि वाचून काय कळविले? करार संपण्यापूर्वी किती दिवस आधी पुढच्या कराराचा निरोप आला, आणि तो येईपर्यंत किती परिचारिका निघून गेल्या?